एका घरात तीन घड्याळं

वाचकाचं पत्र:

माई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलगा २४ वर्षांचा आहे, विजय नगरातल्या एका ऑफिसात अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, संध्याकाळी ७ ते पहाटे ४. ऑफिसची गाडी सोडते, पण वाटेत मित्रांबरोबर उतरतो आणि पोहे-जलेबी खाऊन ७ वाजता घरी येतो. मग २ वाजेपर्यंत झोप, तीही तुटक. शनिवार-रविवारी मात्र सगळ्यांसारखा सकाळी उठून बसतो आणि सोमवारी चेहरा ओढलेला. म्हणतो, ‘आई, सवय होईल शरीराला.’ वर्ष झालं, झाली नाही. दुसरीकडे सासूबाई, वय ७६. संध्याकाळी साडेसातला डोळे मिटतात आणि ३ वाजता टक्क जाग्या. मग स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट लावून परडीत फुलं निवडत बसतात. तीस वर्षं भजनी मंडळात गायल्या, आता साडेसहाच्या भजनाला बसल्या की पेंगतात, म्हणून जाणंच सोडलं. नातवाला आळशी म्हणतात, दुपारी १२ ला जेवायला हाक मारून उठवतात. माझ्या वाचनात आलं की मेंदूत घड्याळ असतं. मग ते या दोघांचं बिघडलंय का? दुपारी त्याला जेवायला उठवावं का? खोलीत उजेड फार येतो, त्याचं काय करू?
ता.क. मी साडेअकराला पडते, ३ वाजता सासूबाईंच्या चहासाठी उठते, ७ वाजता मुलाला दार उघडते. स्वतः सलग चार तासांच्या वर कधी झोपले ते आठवत नाही.
— लोकमान्य नगरची एक आई

ताई, तुमच्या ता.क.पासूनच सुरुवात करते, कारण सगळं पत्र त्यात आहे. तुम्ही साडेअकराला पडता, ३ वाजता सासूबाईंच्या चहासाठी उठता, ७ वाजता मुलाला दार उघडता. दोघांच्या घड्याळांच्या मधली जागा तुम्ही तुमच्या झोपेने भरून काढताय. हे आधी थांबायला हवं. सासूबाईंच्या उशाशी रात्री थर्मासमध्ये चहा भरून ठेवा आणि मुलाला किल्ली द्या. एवढं आजच करा, बाकीचं सावकाश वाचा.

आता घड्याळाचं. दोघांपैकी कुणाचंही बिघडलेलं नाही. ते नीट चालू आहे म्हणूनच हा त्रास होतोय. हे पटवून द्यायला मला थोडं आत शिरावं लागेल. मी आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलं, आणि या एका धड्यापाशी मी दर वर्षी ठरल्यापेक्षा जास्त तास घालवत असे.

दोन्ही डोळ्यांमागून निघालेल्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर, डावी-उजवीकडे, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. नाव लांबलचक, सुप्राकायॲझमॅटिक न्यूक्लियस. आकार मोहरीच्या दाण्याएवढाही नाही. उंदराच्या मेंदूत दोन्ही पुंजके मिळून साधारण २०,००० चेतापेशी भरतात. १९७२ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांमधला हा भाग काढून पाहिला. उंदीर जगले, खात-पीत राहिले, झोपतही राहिले, पण केव्हाही. दिवस-रात्रीचा फरकच पुसला गेला. पुढे १९९० मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनेकर यांनी हॅमस्टर नावाच्या, उंदरासारख्या प्राण्यावर त्याहून पुढचा प्रयोग केला. त्यांच्याकडे एक जात अशी होती की तिचा ‘दिवस’ जन्मतःच २० तासांच्या आसपास भरायचा. तिच्यातल्या या पेशी काढून त्यांनी पुंजका काढून टाकलेल्या साध्या हॅमस्टरमध्ये बसवल्या, आणि ज्याला चोवीस तासांची सवय होती तो प्राणी वीस तासांच्या दिवसाने जगायला लागला. पिंजरा तोच, दाणा-पाणी तेच. दिवस मात्र त्या पेशी घेऊन आल्या.

ताई, ‘सवय’ या शब्दाचं वजन इथे कळतं. दिवस किती लांबीचा हे त्या पेशी ठरवतात, आणि त्यांच्यावर इच्छाशक्ती चालत नाही.

प्रत्येक पेशीच्या आत घड्याळ कसं चालतं हे थोडक्यात सांगते. काही जनुकं एक प्रथिन तयार करवतात, ते साठत जातं, पुरेसं साठलं की पेशीकेंद्रात जाऊन स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतं. मग ते विरतं, लगाम सुटतो, पुन्हा सुरू. एक फेरा सुमारे चोवीस तासांचा. फळमाशीत हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण मला ज्याचं खरं अप्रूप वाटतं ते पुढे आहे. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या या पेशी सुट्या केल्या आणि तळाशी बारीक विद्युतअग्रं असलेल्या काचेच्या बशीत वाढवल्या. दिवसचे दिवस ते प्रत्येक पेशीची विजेची टिकटिक ऐकत राहिले. दिसलं काय? प्रत्येक पेशीला स्वतःचं घड्याळ होतं, पण एकीचा दिवस एकीशी जुळेना. कुणी भर कामात असताना शेजारीण शांत. कुणाचा दिवस चोवीस तासांहून थोडा कमी, कुणाचा जास्त. एकाच बशीत, एकमेकींना खेटून, आणि तरी प्रत्येकीची सकाळ वेगळी.

मेंदूत जागच्या जागी असताना ह्याच पेशी एका तालात असतात. मग बशीत काय तुटलं? त्यांचं बोलणं तुटलं.

हे तुमच्या सासूबाईंना कुणाहीपेक्षा लवकर समजेल. भजनात पंधरा-वीस जणींच्या हातात टाळ असतात. प्रत्येकीचा हात जरा वेगळा, कुणी किंचित घाईची, कुणी रेंगाळणारी. एकेकीला वेगळ्या खोलीत बसवलं तर पाच मिनिटांत वीस लयी होतील. एकत्र बसल्या की कान शेजारणीकडे असतो आणि हात आपोआप सावरतो. या पेशींचंही तेच. एकमेकींना जी रसायनं त्या पाठवतात त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पॉलिपेप्टाइड. पहिल्यांदा आतड्यात सापडलं म्हणून नाव असं, पण मेंदूत त्याचं काम निराळं. पुंजक्याच्या खालच्या भागातल्या काही पेशी ते सोडतात, बाकीच्यांच्या अंगावर ते ओळखून पकडणाऱ्या जागा असतात, आणि तो निरोप पोचला की मागे पडलेली पेशी पुढे सरकते, पुढे गेलेली थांबते. २००५ मध्ये सारा एटन आणि एरिक हर्झॉग यांनी दाखवलं की हे रसायन नसलेल्या उंदरांच्या पेशींची आपसातली लय विस्कटते, कित्येक पेशींची तर स्वतःची लयही हरवते. आणि त्याचं काम करणारं औषध रोज ठरल्या वेळी बशीत घातलं की पेशी पुन्हा जुळून येतात. रोज, ठरल्या वेळी. हे शब्द मी तुमच्यासाठी अधोरेखित करते, पुढे लागणार आहेत.

इथे मला मदुराईची वटवाघळं आठवल्याशिवाय राहत नाहीत. मदुराई कामराज विद्यापीठातले एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी गुहांत जाऊन वटवाघळांचा अभ्यास करत. ठार काळोखात पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ, बाहेरचा सूर्य त्याला कधीच दिसत नाही, तरी गुहेतली बाकीची मंडळी रोज सांजेला बाहेर पडायची तेव्हा तेही फडफडू लागायचं. तेच वटवाघूळ रिकाम्या गुहेत एकटं ठेवलं तर त्याची वेळ हळूहळू भरकटायची. १९८१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. चाहुलीवर वेळ पाळणं ही जिवांची फार जुनी रीत असावी, आतल्या पेशींचीही आणि बाहेरच्या थव्याचीही.

माणसाला मात्र थव्यापेक्षा उजेड जास्त हलवतो. आपलं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटं लांब चालतं, त्यामुळे रोज कुणीतरी ते लावून द्यावं लागतं. हे काम डोळे करतात. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक जात आहे. तिच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, निळसर उजेडाने ती पेटते, आणि तिचे धागे थेट त्या पुंजक्याच्या खालच्या भागात, म्हणजे टाळ धरणाऱ्या त्या मुख्य पेशींपर्यंत पोचतात. संध्याकाळचा आणि रात्रीचा प्रखर उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरावर जाते. पहाटेनंतरचा उजेड ते पुढे ओढतो, झोप लवकर येऊ लागते. सगळी युक्ती या एका नियमात आहे.

उज्जैनला जंतरमंतरात कधी गेला असाल तर सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, सावलीवरून सांगितलेली वेळ आणि आपल्या मनगटावरची वेळ जुळत नाही हे पाहिलं असेल. आपल्या माळव्यात सूर्य सरकारी घड्याळापेक्षा सरासरी २६-२७ मिनिटं मागे चालतो, ऋतूप्रमाणे थोडं कमी-जास्त. कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर ठरलीय आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. मेंदूतल्या पेशी ऐकतात ते सूर्याचं, मोबाइलवरच्या आकड्यांचं नाही.

आता मुलाकडे वळू. उजेडाची वेळ एकदम बदलली की पुंजक्याचा खालचा भाग, जो डोळ्यांशी जोडलेला आहे, तो लवकर सरकतो. वरचा भाग मागे रेंगाळतो. म्हणजे बोलणं चालू असूनही काही दिवस दोन्ही भागांत दोन वेगळ्या वेळा असतात. यकृत, आतडी, स्वादुपिंड यांच्या पेशींनाही आपापली घड्याळं असतात, आणि ती उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेला जास्त मानतात. मोठ्या बदलात शरीर दिवसाला साधारण एखादा तास सरकतं. तुमचा मुलगा दर शनिवारी आठ-नऊ तास एकीकडे आणि सोमवारी आठ-नऊ तास परत, असा हिसका देतोय. पेशी जुळू लागतात तोवर पुढचा शनिवार येतो. वर्षभरात सवय झाली नाही, कारण सवय व्हायला लागणारे सलग दिवस त्याला मिळालेच नाहीत. त्यात सकाळी घरी येण्याआधी पोह्याच्या गाडीपाशी तोंडावर कोवळं ऊन घेतो, आणि ते ऊन त्याच्या पेशींना सांगतं की दिवस उजाडला, उठा.

हे त्याला रागावून सांगू नका. रात्रभर काम करून मित्रांबरोबर बसायची ती एकच वेळ त्याला मिळते, हे मला समजतं. पण पोहे सुट्टीच्या दिवसावर न्या. कामाच्या दिवशी गाडीतून थेट घरी, काहीतरी हलकं खाऊन ५ वाजता अंधाऱ्या खोलीत. उन्हाळ्यात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, थंडीत ७ वाजतात, म्हणजे बाराही महिने तो उजाडायच्या आत झोपू शकतो. गाडीत बसल्यापासून मोबाइल खिशात. झोप ५ ते १२.

आणि सुट्टीच्या दिवशी? इथे मी जे सांगते ते तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्याने पूर्ण दिवसाचा माणूस होऊ नये. शनिवार-रविवारी त्याने रात्री अडीच-तीनला झोपावं आणि १० वाजता उठावं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर जायला रात्र मोकळी, दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर, संध्याकाळ घरात. याने काय साधतं पाहा: ५ ते १० हे तास आठवड्याचे सातही दिवस झोपेचेच राहतात. त्या पाच तासांचा नांगर एकदा पडला की पेशींना रोज ठरल्या वेळी तोच निरोप मिळतो. पूर्ण रात्रीचं घड्याळ त्याचं कधी होणार नाही, त्याचा हट्टही नको. मधला मुक्काम पुरेसा आहे. तीन-चार आठवडे तरी न मोडता द्या.

चहाचं एक. ऑफिसात मध्यरात्रीनंतर चहा-कॉफी बंद. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, तीनचा चहा पाचच्या झोपेत शिरतो. रात्री ३ वाजता मागवलेलं भरपेट खाणंही नको. त्या वेळी इन्शुलिनचं काम मंदावलेलं असतं, साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात, म्हणून वर्षाला एकदा त्याची रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. एवढं करूनही झोप लागत नसेल, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकतोय असं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा, झोपेच्या गोळ्या मनाने नकोत. आणि कधी गाडी चुकली तर पहाटे स्वतः दुचाकी चालवत येऊ नये. हे मात्र निक्षून सांगा.

सासूबाईंचं उलट आहे. वयाबरोबर त्या पुंजक्यातलं बोलणं क्षीण होत जातं, डोळ्यातलं भिंग पिवळसर होऊन निळा उजेड आत कमी पोचतो, आणि घड्याळ पुढे सरकतं. ३ वाजता उठून त्या काय करतात? तुम्ही लिहिलंय, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट लावून परडीत फुलं निवडतात. तो उजेड त्यांना आणखी लवकरच्या बाजूला ढकलत असणार. पहाटे जाग आलीच तर झीरोचा बल्ब पुरे. देवापुढे समई लावायची तर खुशाल लावा, समईच्या ज्योतीने हे घड्याळ हलत नाही. ट्यूबलाइट ६ च्या पुढे. आणि संध्याकाळी ५ ते सूर्य मावळेपर्यंत त्यांना गच्चीवर किंवा दारापुढे मोकळ्या उजेडात बसवा, थोडं चालवा. खाली आल्यावर घरातले दिवे ८ वाजेपर्यंत लख्ख ठेवा. झोप अर्ध्या तासाने जरी पुढे गेली तरी भजन मिळेल. मंडळातल्या कुणाला तरी सांगा, त्यांना घ्यायला यावं. टाळ हातात असताना पेंगणं कमी होईल, हे मी अनुभवाने सांगते. मोतीबिंदू एकदा तपासून घ्या. रात्री लघवीला उठावं लागत असेल तर रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा. मन उदास असेल तरी पहाटे जाग येते, त्याकडेही लक्ष असू द्या.

आजी-नातवाला एकमेकांची बाजू कळावी असं वाटत असेल तर त्यांना हे पत्र वाचून दाखवा. एकाचं घड्याळ मागे ओढलंय, एकीचं पुढे गेलंय. त्यात आळस नाही आणि खोडही नाही.

दुपारी १२ च्या आत त्याला उठवायचं नाही. तो आपसूक उठला की तास-दीड तासाने, दीड वाजता, वरण-भाताचं ताट त्याच्याबरोबर तुम्हीही वाढून घ्या. आजी त्यांच्या वेळेवर जेवतील. नंतर ४ ते ६ च्या दरम्यान त्याने उन्हात निघावं, भाजी आणायला पाठवलंत तरी चालेल. तो उजेड त्याच्या उपयोगाचा आहे.

राहिली खोली. माझे वडील मिलमध्ये होते, दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीच्या आठवड्यात आई खिडकीवर निळी सतरंजी टांगायची आणि आम्हा मुलांना पायऱ्यांवर बसवायची. सतरंजीला एका जागी भोक होतं, त्यातून कवडसा यायचा आणि ११ च्या सुमारास बरोबर वडिलांच्या पापण्यांवर सरकायचा. आईने एक दिवस स्वयंपाक टाकून त्या भोकावर जुन्या लुगड्याचा तुकडा धरला आणि टाके घालत बसली. वडीलही म्हणायचे, ‘सवय आहे मला.’ आईचा त्यावर विश्वास नव्हता.

तुम्ही बाजारातून जाड पडदे आणा, दोन पदरी, खिडकीच्या चौकटीहून वीतभर रुंद. दांडी भिंतीला चिकटून बसवा, म्हणजे कडेने उजेड झिरपणार नाही. दाराच्या फटीला खाली कापडाची गुंडाळी. आणि पडदा लावल्यावर भर दुपारी आत जाऊन दार लावून घ्या, डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. स्वतःचा हात समोर धरा. बोटं मोजता आली तर कुठून तरी उजेड येतोय. तो शोधा.